भांडं आधी पालथं करा: तोनालाच्या कारागीर बाजारात काय पाहावं

तोनालाचा बाजार आठवड्यातून दोनदा भरतो, गुरुवारी आणि रविवारी. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात ग्वादालाहारा शहराला लागूनच तोनाला हे कुंभारांचं गाव आहे. तिथल्या तोनाल्तेकास नावाच्या मोठ्या रस्त्यावर त्या दोन दिवशी सकाळपासून पालं पडतात आणि दुपारी तीन-चार वाजता उठायला लागतात. अशा बाजाराला तिकडे 'तियांगिस' म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीचा. आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. आठवडी बाजारच तो.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत वाढलेली पोट्टी आता संगणकाच्या नोकरीसाठी ग्वादालाहारालाही जातात. मागोमाग आईवडील महिनाभर राहून येतात, आणि परत निघताना तिकडचं हातचं काही घरी आणावं असं वाटतं. आणलेलं निम्मं वाटेत फुटतं, काही आपल्या उन्हाळ्यात खराब होतं, आणि काही तर स्वयंपाकात वापरायलाच नको असतं. हे तिन्ही टाळता येतं. त्यासाठी स्पॅनिश फार यायला लागत नाही. आपल्या बाजारात माठ घेणारी बाई काय करते ते आठवा. ती उकिडवी बसते, डाव्या हाताने माठाचं तोंड धरून तो जमिनीवरून उचलते, उजव्या हाताच्या बोटाचं पेर पोटावर मारते आणि कान जवळ नेते. खणखणीत वाजला तर पुढची बोलणी, भदभद वाजला तर माठ गुपचूप खाली. तेच कान आणि तेच हात तोनालाला चालतात. फक्त पहिलं काम वेगळं करायचं: भांडं हातात आलं की आधी पालथं करून तळ पाहायचा.

त्याआधी कुठे जायचं ते. तोनालाच्या शेजारी त्लाकेपाके आहे, आणि लोक बहुधा तिथूनच परततात. २०२० पासून ग्वादालाहाराच्या हलक्या रेल्वेची तिसरी लाईन थेट त्लाकेपाकेपर्यंत जाते, त्यामुळे पोचणं सोपं झालं आहे. इंदेपेंदेन्सिया नावाचा गाड्यांना बंद असलेला रस्ता, जुन्या श्रीमंतांच्या वाड्यांमधली दुकानं, एल पारियानच्या चौकात मारियाची (तिकडचं पारंपरिक संगीत) वाजवणारे. रस्ता देखणा आहे. पण तो विकणाऱ्यांचा रस्ता, आणि तोनाला बनवणाऱ्यांचं गाव. त्लाकेपाकेच्या काचेच्या कपाटात दिसणाऱ्या कितीतरी वस्तू तोनालाच्या एखाद्या घराच्या मागच्या पडवीत घडलेल्या असतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी त्लाकेपाकेला जाऊन तिथलं सिरॅमिकचं संग्रहालय पाहायचं, चांगलं काम कसं दिसतं ते डोळ्यात भरून घ्यायचं, दुकानांतल्या किमती मनात ठेवायच्या आणि हात रिकामेच ठेवून परतायचं. दुसऱ्या दिवशी, गुरुवार किंवा रविवार धरून, तोनाला. तिथेही रस्त्यावरच्या पालांपेक्षा मागच्या गल्ल्यांत जास्त वेळ द्या. दारावर 'ताल्येर' असं लिहिलेलं दिसलं की आत कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरच, अंगणात सुकत ठेवलेली भांडी आणि कोपऱ्यात भट्टी.

तोनालाची माती आणि आपल्या कुंभाराची माती यांत एक मोठा फरक आहे, तो समजला की तळ वाचता येतो. आपल्याकडे मडकं चाकावर उठतं. मग अर्धवट सुकल्यावर आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापीने ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवतात. तोनालात पिढ्यानपिढ्या चाकापेक्षा साचा चालत आला. माती भाकरीसारखी थापतात (ते तिला 'तोर्तिया'च म्हणतात), ती साच्यावर बसवतात, दोन अर्धी सुटी काढून एकमेकांना जोडतात आणि सांधा ओल्या मातीने बुजवतात. म्हणून गोल पोटाच्या भांड्यात आत बोट घालून फिरवा. मधोमध किंवा उभी एक पुसट उंच रेघ लागेल. ती असणं हा दोष नाही. ती रेघ एखाद्या ठिकाणी खोलगट लागली किंवा नखाला अडली, तर मात्र सांधा नीट भरलेला नाही. असं भांडं प्रवासात त्याच रेघेवर उकलतं. बाहेरून ते दिसत नाही, कारण बाहेरून घोटाई झालेली असते.

आता तळ. बिनचकाकीच्या, म्हणजे वर काचेसारखा थर न चढवलेल्या, भांड्याच्या तळावर काळपट धुराचा डाग असेल तर घाबरू नका. लाकडाच्या भट्टीत ज्वाळा जिथे लागली तिथे असा डाग पडतो, आपल्या आव्यातून निघालेल्या मडक्यांवरही पडतो. चकाकी असलेल्या भांड्याच्या तळावर तीन छोटे खरबरीत ठिपके दिसले, तर ते भट्टीत टेकू देऊन भाजल्याच्या खुणा आहेत. नावाची सही पाहा. ओल्या मातीत कोरलेली असेल तर कडा किंचित वर उचललेल्या लागतात. भाजण्याआधी रंगाने लिहिलेली असेल तर ओल्या बोटाने पुसली जात नाही. वर नुसता कागदी चिकटपत्ता असेल, किंवा तो खरवडून काढल्याचा चिकटपणा लागत असेल, तर माल दुसरीकडून आलाय असं धरायला हरकत नाही. एकाच पालावर हुबेहूब सारखे पन्नास नग आणि तळाला कारखान्याची बारीक सांध्याची रेघ, हेही त्याचंच लक्षण.

मग वाजवून पाहा. तळहातावर तोलून धरायचं, बोटांनी आवळायचं नाही, आणि टिचकी मारायची. कमी आचेवर भाजलेली माती घंटेसारखी वाजत नाही, पण आवाज मोकळा, गोल येतो. तडा असेल तर आवाज मध्येच तुटतो, खरखर लागते. उंच आचेवरची स्टोनवेअर भांडीही तोनालात मिळतात. हे काम तिथे होर्हे विल्मोट या कलाकाराने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुजवलं. ही १२०० अंशांच्या वर भाजलेली, जड आणि घट्ट, टिचकीला स्पष्ट वाजणारी. रोजच्या जेवणाला काही न्यायचं असेल तर डोळे मिटून हीच न्यावी. का, ते आता सांगतो, आणि हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

मेक्सिकोतल्या पारंपरिक चकाकीत शिसं असतं. तिकडच्या कुंभारांना ते 'ग्रेता' म्हणून परिचित आहे. शिशाच्या भुकटीने चकाकी कमी आचेतच वितळते, आरशासारखी चमकते आणि लाकडाच्या साध्या भट्टीतही साधते, म्हणून स्पॅनिश काळापासून ती रुळली. पण भट्टीची आच कमी पडली तर ते शिसं चकाकीत पक्कं बांधलं जात नाही. आंबट आणि गरम पदार्थात ते उतरत राहतं. चवीला कळत नाही, दिसत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर आणि गरोदर बायांवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट. आता आपल्या घरचा स्वयंपाक बघा: कढी, चिंचेचं सार, अंबाडीची भाजी, टमाट्याची चटणी, लिंबाचं लोणचं. सगळं आंबट, आणि निम्मं उकळतं. तिकडच्या झगझगीत तपकिरी हंडीत अंबाडीची भाजी शिजवणं किंवा लोणचं मुरवणं म्हणजे जाणूनबुजून शिसं पोटात घालणं आहे. आपल्याकडे भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघामुळे चकाकीची भांडी या भागाला नवी नाहीत, म्हणून चमकणारं ते सगळं सारखंच असा समज होतो. तसं ते नसतं.

तेव्हा विचारायचं: 'सिन प्लोमो?' म्हणजे शिशाशिवाय का. दुसरा प्रश्न: 'सिर्वे पारा कोमीदा?' जेवणाला चालतं का. बनवणारा स्वतः समोर असेल तर बहुधा सरळ उत्तर मिळतं, कारण बिनशिशाची चकाकी वापरणारे ते अभिमानाने सांगतात आणि तसं लिहितातही. विकणारा नुसता मान हलवत असेल तर ते भांडं भिंतीवर टांगायला घ्या. भांड्याच्या आत रंगीत नक्षी असेल आणि नक्षीच्या कडा चकाकीत विरघळल्यासारख्या पसरलेल्या दिसत असतील, तर संशय जास्त धरा. जुनं, चकाकीला जाळीसारख्या भेगा गेलेलं भांडं कितीही सुंदर असो, त्यात खायचं नाही. घरी तपासायच्या शिशाच्या कांड्या मिळतात, पण कांडीने रंग बदलला नाही म्हणजे भांडं निर्धोक, असा अर्थ काढू नका. त्या थोडं शिसं पकडू शकत नाहीत.

चकाकी नसलेल्या घोटीव भांड्यांना, म्हणजे 'बारो ब्रुन्यीदो'ला, हा प्रश्न नाही. तोनालाची खरी ओळख हीच. सुकलेल्या भांड्यावर पातळ रंगीत मातीचा हात देतात, जसा आपला कुंभार गेरूचा देतो. त्यावर नक्षी काढतात, मग किंचित चरबी लावून गुळगुळीत दगडाने तासन् तास घोटतात. मातीचे कण आडवे बसतात आणि भाजल्यावर रेशमासारखी झळाळी उरते. शाकाहारी घरांत चरबीचा प्रश्न निघतो: ती भट्टीत पूर्ण जळून जाते, भांड्यात राहत नाही. घोटाई चांगली की घाईची, हे उजेडात तिरपं धरून कळतं. चांगल्या कामात प्रकाश एकसंध सरकतो. घाईच्या कामात दगडाच्या फटकाऱ्यांचे पट्टे आणि मध्ये मंद राहिलेल्या जागा दिसतात, विशेषतः मानेखाली आणि कानाच्या मागे, जिथे दगड पोचायला त्रास होतो. तिथेच पाहा.

या घोटीव प्रकारात एक दालचिनी रंगाचा आहे, 'बारो कानेलो'. त्याचे घडे आणि उशाशी ठेवायच्या सुरया करतात. सुरईच्या तोंडावर पालथा पेलाच झाकण म्हणून बसतो. यात ठेवलेल्या पाण्याला ओल्या मातीचा वास येतो, आपल्या नव्या माठाच्या पहिल्या आठवड्यातल्या पाण्यासारखा. या वासासाठी सतराव्या शतकात तोनालाची भांडी जहाजांतून स्पेनपर्यंत जात. तिकडच्या उमराव घरांतल्या बाया त्यातलं पाणी पीत आणि भांड्याचे तुकडेही कुरतडून खात. युरोपात या भांड्यांना 'बुकारो' म्हणत. आपल्याकडे पोटुशी बाई खापर नाहीतर भाजकी माती चघळते, त्याच ओढीचा हा प्रकार. अशी ओढ अनेकदा रक्तातलं लोह कमी झाल्याची खूण असते, तेव्हा खापर बाजूला ठेवून रक्त तपासून घ्यावं.

तिसरा प्रकार 'पेतातियो'. याच्यासाठी वेळ काढा. 'पेताते' म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांची विणलेली चटई, आपल्या शिंदीच्या चटईची बहीण. भांड्यावर फुलं, हरणं, पक्षी काढून झाले की उरलेली सगळी पिवळसर जागा केसाएवढ्या आडव्या-उभ्या रेघांनी भरतात, चटईच्या विणीसारखी. कुंचला कुत्र्याच्या केसांचा, तोही कारागीर स्वतः बांधतो. एका मोठ्या ताटाला अशा हजारो रेघा लागतात. ओळखायचं कसं? नाक भांड्याला लागेल इतकं जवळ जा. हाताच्या कामात रेघ सुरू होते तिथे जरा जाड आणि संपते तिथे निमुळती असते, हरणाच्या पायाशी येऊन ती थांबते, आणि वळणावर विणीचा कोन किंचित बदलतो. छापलेल्या नक्कलेत सगळ्या रेघा एका जाडीच्या, आणि त्या चित्राच्या खालून सरळ निघून जातात. पेतातियो महाग असतो आणि तो तसाच असायला हवा. त्यात घासाघीस करू नये. महिन्याच्या कामाची किंमत पाडून आणलेलं ताट घरात शोभत नाही.

घासाघिशीचं बोललोच आहे तर. आपल्या बाजारात निम्म्यापासून बोलणी सुरू होतात. तिकडे तसं केलं तर कारागीर गप्प होतो, भांडत नाही, फक्त दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. 'एन क्वांतो मे लो देहा?' (मला केवढ्याला द्याल?) एवढं एकदाच विचारावं. तो जो आकडा सांगेल तो सहसा खरा असतो. भाव खरंच कमी होतो तो नगांवर. 'मायोरेओ' म्हणजे घाऊक दर, आणि तोनालात पुष्कळ ठिकाणी तो थोड्याच नगांपासून लागतो. किती नगांना लागतो ते आधी विचारा. चार घरांसाठी मिळून एकाच ठिकाणाहून घेतलं तर हा दर आपोआप पडतो. सुटे पैसे ठेवा. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने पाचशे पेसोंची नोट काढली तर बोहनीलाच पंचाईत होते, तिथेही आणि इथेही.

मातीवर नंतर चढवलेल्या रंगाबद्दल एक सूचना. भिंतीवर लावायचे सूर्य, मुखवटे, कोंबडे हे बहुधा भाजल्यावर साध्या रंगांनी रंगवलेले असतात. ओला रुमाल मागच्या बाजूला दाबून फिरवा, रंग उतरला तर तो असा आहे. शोभेला हरकत नाही, पण अंगणात लावला तर आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पांढरा पडेल आणि पहिल्या पावसात पोपडे सुटतील. ओसरीच्या आत लावा.

फुंकलेली काच हा या भागाचा दुसरा मोठा धंदा. भंगारातली काच वितळवून नळीने फुंकतात, कडेला निळा पट्टा देतात. पेला पालथा केला की तळाच्या मधोमध खरबरीत ठसा लागतो, तिथे लोखंडी सळई चिकटवून पेला फिरवलेला असतो. बुडबुडे असतात, ते असू द्या. एकच तपासा: बुडबुडा कडेला किंवा पृष्ठभागावर उघडा फुटलेला नको, तो ओठाला कापतो. कडेवरून बोट पूर्ण गोल फिरवा. सहा पेले घ्यायचे तर बारा काढून सपाट फळीवर ओळीने मांडा, डोळे फळीच्या पातळीला आणा आणि जवळजवळ एका उंचीचे सहा निवडा. कारागीर रागावत नाही. या काचेत उकळता चहा ओतायचा नाही. जाड-पातळ असल्यामुळे ती सारखी तापत नाही आणि तळाशी टचकन जाते. ताक, सरबत, पन्हं यांसाठी ती उत्तम.

विचोल लोकांचं (स्वतःला ते विरारिका म्हणवतात) मण्यांचं काम बाजारात लगेच नजरेत भरतं. उत्तर हालिस्को आणि नायारित भागातले हे आदिवासी. लाकडी हरणाच्या किंवा जग्वारच्या डोक्यावर मेणाचा थर देतात आणि बारीक काचेचे मणी सुईच्या टोकाने एकेक करून त्यात रोवतात. पेयोते (एक निवडुंग), मका, हरीण या त्यांच्या श्रद्धेतल्या खुणा. तपासायचं ते असं: मण्यांची भोकं सगळी वर तोंड करून आहेत का, ओळी वळणावर तुटतात का, आणि मण्यांच्या फटीतून पिवळसर मेण दिसतं की पारदर्शक गोंद. गोंदाचे नग स्वस्त असतात आणि कालांतराने पिवळे पडतात. पण मेणाच्या नगाला विदर्भात एक धोका आहे, जो तिकडचा विकणारा सांगणार नाही, कारण त्याच्या गावाला तो माहीत नाही. ग्वादालाहारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच आहे, तिथला उन्हाळा आपल्या मार्चसारखा. आपल्या मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४६ च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली दुपारी त्याहून जास्त. मधमाशीचं मेण वितळतं साधारण ६२ अंशांना, पण मऊ त्याच्या फार आधी होतं. मऊ मेणावर मणी घसरतात, धूळ बसली तर कायमची रुतते. म्हणून असा नग घ्यायचाच असेल तर हाताएवढा लहान घ्या, कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीत खालच्या कपाटात ठेवा, आणि एप्रिल ते जून बंद डब्यात, मातीच्या जमिनीवर. नागपूर विमानतळावरून गावाकडे येताना गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवाल तर तिथेच खेळ संपेल.

लाकडाच्या वस्तू पालथ्या करून ठोका. खाली पिवळसर भुकटी गळली की घुणा लागलाय. आपल्या बुरुडांना हे सांगायला नको: कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू असाच भुसा होतो, म्हणून ते पावसाळ्यानंतर तोडतात आणि वाहत्या पाण्यात भिजवून त्यातला गोडवा काढतात. तिकडची वाहाका राज्यात कोरलेली रंगीत जनावरं, 'आलेब्रिहे', कोपाल नावाच्या मऊ लाकडाची असतात आणि त्यांनाही किडा आवडतो. टाचणीएवढी भोकं पायांच्या तळव्यांवर शोधा, तिथे रंग पातळ असतो. घरी आणल्यावर लहान नग प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर आतल्या अळ्या मरतात. काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या उष्णतेला येऊ द्यायची, नाहीतर पाणी सुटून रंग फुगतो.

चांदी घ्यायची तर ९२५ चा ठसा पाहा, आणि 'आल्पाका' हा शब्द ऐकला तर ती चांदी नाही, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू आहे. लोकरीचे गालिचे वाहाकाकडून इथे विकायला येतात. एक धागा मागून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, कडक मणी उरला तर कृत्रिम. कोशाची पारख आपले कोष्टी अशीच करतात.

मोल्काहेते, म्हणजे तीन पायांचा दगडी खल, बहुतेकांना न्यावासा वाटतो. जवसाच्या चटणीला, ठेच्याला तो खरंच छान. अस्सल असेल तर बेसाल्टचा, आपल्या काळ्या दगडाचाच भाऊ. ग्वादालाहाराच्या दक्षिणेला सान लुकास एव्हान्हेलिस्ता या गावात तो घडवतात. नकली सिमेंटचा असतो. ओळख: पाणी शिंपडा, ओल्या जागी खिळ्याने ओरखडा. सिमेंटचा राखाडी चिखल लगेच सुटतो आणि भोकं सगळी वरवरची, एका मापाची असतात. दगडाची भोकं लहानमोठी, आतपर्यंत गेलेली. नवा खल घरी आल्यावर मूठभर कच्चा तांदूळ घालून कोरडा वाटा. पीठ करड्या रंगाचं निघेल, ते फेका. असं चार-पाच वेळा, पीठ पांढरं निघेपर्यंत. शेवटी लसूण, जिरं आणि जाडं मीठ वाटून आतून चोळा, तासभर ठेवा, नुसत्या पाण्याने धुवा. टाकी लावलेल्या नव्या पाट्यावर आपण पहिलं वाटण फेकून देतो, तेच हे. सहाव्या वेळीही दातात कच लागली तर तो खल शोभेला ठेवा. वजन मात्र निघताना धरा: मध्यम खल चार-पाच किलोंचा असतो, सामानाच्या तेवीस किलोंतले.

बांधाबांध दुकानदारावर सोडू नका. पालावर एकेरी वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, ते मुक्कामापर्यंत पुरतं, नागपूरपर्यंत नाही. प्रत्येक भांड्याचं पोट आधी आतून चुरगळलेल्या कागदाने भरायचं, कारण फुटतं ते बहुधा कान आणि मान, आणि पोकळ पोट दाबाला हरतं. झाकण सुटं बांधा. कानाच्या कमानीत कागदाची वळकटी खुपसा. एका खोक्यात भरून ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चार बोटं कपडे. भरून झालं की हलवा: आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. ताटं आडवी एकावर एक रचू नयेत, उभी लावावीत, कडेवर आघात सहन होतो. गवत-पेंढा भरून दिलेलं काही घेऊ नका, आणि बिया खुळखुळणारे भोपळ्याचे नगही नकोत, विमानतळावर रोगकिडीच्या तपासणीत अडतात.

सुरई घरी पोचली की लगेच पाणी भरून प्यायला घेऊ नका. एक दिवस पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा, मातीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग तीन दिवस रोज भरायची आणि ओतून द्यायची. साबण लावायचा नाही, तो मातीत शिरतो आणि पुढचे दोन महिने पाण्याला त्याचाच वास. आपल्याकडच्या जड पाण्याने वर्षभरात बाहेरून पांढरी खपली धरते, छिद्रं बुजतात आणि सुरई गार करेनाशी होते. नारळाच्या काथ्याने ओली असतानाच हळूच घासा. जोरात घासलं तर घोटाईची झळाळी जाते. ठेवायची ती खिडकीशी, वारा लागेल अशी, खाली वाळूचं ताट घालून. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती रात्री भरून ठेवली की पहाटे पाणी गार. मृग लागला, हवेत ओल आली, की तिचा गारवा संपतो आणि मानेशी हिरवट बुरशी धरायला लागते. तेव्हा रिकामी करायची, दोन दिवस उन्हात, मग पेला वेगळा काढून तोंड उघडं ठेवून फळीवर, पुढच्या होळीपर्यंत.